ऑस्ट्रेलियातली वाफेची इंजिनं बघायला निघताना: नवख्यांसाठी पायरीपायरीने

बाबा पहिल्यांदा मेलबर्नला आले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी चहा पिता पिता त्यांनी विचारलं, "इथं जुनी वाफेची इंजिनं कुठं बघायला मिळतात रे?" आमचे आजोबा कुर्डुवाडीच्या नॅरोगेज वर्कशॉपमध्ये फिटर होते. बार्शी लाईटच्या गाडीची शिट्टी ऐकतच बाबा लहानाचे मोठे झालेले. मला इथं येऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती, पण या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मग आम्ही दोघांनी मिळून शोधाशोध सुरू केली आणि ती अजून चालू आहे.

नुकतेच इथं आलेले, ज्यांचे आईवडील तीन महिन्यांसाठी येणार आहेत असे, किंवा इंजिनातलं काही कळत नाही पण बघायची हौस आहे असे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. सुरुवातीलाच एक सांगतो: एका दुपारी तीस इंजिनांचे फोटो काढून घरी येऊ नका. तीन निवडा आणि एकेकापाशी अर्धा तास थांबा. त्या अर्ध्या तासात काय बघायचं, तेच पुढे आहे.

पहिली पायरी: आधी रुळांची रुंदी समजून घ्या

ऑस्ट्रेलियाच्या रेल्वेची किल्ली गेजमध्ये आहे. ते कळलं की प्रत्येक राज्याचं संग्रहालय वेगळं का आणि प्रत्येकातली इंजिनं इतकी निराळी का, हे आपोआप उलगडतं.

आपल्या ब्रॉडगेजच्या रुळांत १६७६ मिलिमीटर अंतर असतं. ऑस्ट्रेलियात मुख्य मार्गांवर तीन वेगळी मापं आली. व्हिक्टोरिया आणि साउथ ऑस्ट्रेलियात १६००, न्यू साउथ वेल्समध्ये १४३५, आणि क्वीन्सलँड, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया व तास्मानियात १०६७. हा घोळ झाला कसा? सिडनीच्या रेल्वे कंपनीचे पहिले इंजिनिअर फ्रान्सिस वेब शील्ड्स आयर्लंडचे. त्यांनी आयर्लंडचं माप, म्हणजे १६०० मिलिमीटर, मान्य करून घेतलं. ते नोकरी सोडून गेले आणि त्यांच्या जागी स्कॉटलंडचे जेम्स वॉलेस आले. त्यांनी १८५३ साली माप बदलून १४३५ केलं. तोवर व्हिक्टोरियाने १६०० च्या मापाची गाडी मागवून ठेवली होती, तेव्हा त्यांनी बदलायला साफ नकार दिला. त्या एका निर्णयाची किंमत प्रवाशांनी कित्येक दशकं मोजली. सिडनीहून मेलबर्नला निघालेला माणूस १९६२ पर्यंत हद्दीवरच्या ऑल्बरी स्टेशनात सामानसुमान घेऊन उतरायचा आणि पलीकडे उभ्या असलेल्या दुसऱ्या गाडीत चढायचा.

म्हणून एका राज्याचं इंजिन सहसा शेजारच्या राज्यात जाऊच शकत नव्हतं. प्रत्येकाने आपापली कुळं वाढवली. साउथ ऑस्ट्रेलियातल्या पीटरबरो गावात मात्र तिन्ही मापं एकत्र येत. तिथली जुनी लोको शेड आता 'स्टीमटाऊन' नावाचं संग्रहालय आहे. तिथल्या टर्नटेबलवर, म्हणजे इंजिन फिरवायच्या गोल चकतीवर, तिन्ही मापांचे रूळ एकमेकांत गुंतलेले बघायला मिळतात. ॲडलेडहून लांब आहे, पण जाणं झालं तर चुकवू नका.

दुसरी पायरी: जवळचं ठिकाण निवडा

मेलबर्नकरांनी न्यूपोर्ट रेल्वे म्युझियमपासून सुरुवात करावी. नॉर्थ विल्यम्सटाऊन स्टेशनवर उतरलं की चालत जाता येतं, गाडी लागत नाही. १९६२ साली सुरू झालेलं हे संग्रहालय स्वयंसेवकांच्या जिवावर चालतं. इंजिनं एकमेकांच्या इतकी जवळ उभी आहेत की त्यांच्यामधून चालताना दोन्ही बाजूंना फक्त चाकंच दिसतात. बाबा तिथं पहिल्यांदा गेले तेव्हा बराच वेळ एक शब्द बोलले नाहीत.

सिडनीकरांसाठी थर्लमीअरचं एनएसडब्ल्यू रेल म्युझियम आहे. शहरापासून साधारण ९० किलोमीटर, त्यामुळे स्वतःची गाडी असलेली बरी. ३८०१ क्रमांकाचं हिरवं, निमुळत्या नाकाचं इंजिन याच संस्थेच्या ताफ्यात आहे. आपल्या जुन्या डब्ल्यूपी इंजिनासारखीच त्याची चाकरचना. १९४३ साली ग्रॅनव्हिलच्या क्लाइड कारखान्यात ते बांधलं. १९७० साली, सिडनी ते पर्थ एकाच मापाचे रूळ जोडून होताच, हेच इंजिन गाडी घेऊन खंडाच्या पूर्व टोकापासून पश्चिम टोकापर्यंत गेलं. पुढे २००७ पासून ते दुरुस्तीत अडकलं आणि २०२१ च्या मार्चमध्ये परत रुळावर आलं. न्यू साउथ वेल्सचं इंजिन नंबर एक, रॉबर्ट स्टीफन्सनच्या कारखान्यात १८५४ साली बांधलेलं, सिडनीच्या पॉवरहाऊस संग्रहालयाच्या मालकीचं आहे. पण अल्टिमोच्या त्या इमारतीचं नूतनीकरण हाती घेतलंय, तेव्हा जाण्याआधी उघडं आहे का ते बघा. बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली १८५३ ला, सिडनीहून पहिली गाडी सुटली १८५५ ला. ते इंजिन बघताना हा दोन वर्षांचा हिशोब डोक्यात ठेवावा.

ॲडलेडला पोर्ट ॲडलेडमधलं नॅशनल रेल्वे म्युझियम. तिन्ही मापांची इंजिनं एका छताखाली आहेत. माझ्या मते सहकुटुंब जायला हेच सगळ्यात उत्तम, कारण तिथले डबे आतून बघता येतात. त्याबद्दल पुढे सांगतो.

ब्रिस्बेनच्या लोकांनी इप्सविचच्या जुन्या वर्कशॉपमधलं संग्रहालय बघावं. पर्थकरांनी बॅसेंडीन गाठावं.

एक सूचना. नकाशावर न्यू साउथ वेल्समधल्या डोरिगो गावी जुन्या इंजिनांचा फार मोठा साठा दिसेल. तो लोकांसाठी खुला नाही. कुंपणाबाहेरून बघायला म्हणून शेकडो किलोमीटर गाडी हाकू नका.

तिसरी पायरी: दिवस नीट निवडा

संग्रहालय उघडं असणं वेगळं आणि तिथं इंजिन वाफेवर असणं वेगळं. बहुतेक इंजिनं नुसती उभी असतात, त्यांचे बॉयलर थंड. चालत्या स्थितीतली थोडी, आणि तीही ठरावीक दिवशीच पेटवतात. संस्थेच्या वेळापत्रकात 'स्टीम' असं स्पष्ट लिहिलेलं शोधा. नुसतं 'हेरिटेज ट्रेन' लिहिलं असेल तर पुढे डिझेल इंजिन असू शकतं.

दुसरी गोष्ट उन्हाळ्याची, म्हणजे इथल्या डिसेंबर ते फेब्रुवारीची. ज्या दिवशी सरकार टोटल फायर बॅन, म्हणजे वणव्याच्या भीतीने उघड्यावर आग पेटवायला पूर्ण बंदी, जाहीर करतं, त्या दिवशी ठिणग्या उडवणारं कोळशाचं इंजिन रानातून नेता येत नाही. हा धडा आम्हाला एका जानेवारीत मिळाला. पुण्याहून आलेल्या मावशीला घेऊन दोन तास गाडी चालवून पोहोचलो तर डब्यांना डिझेल जोडलेलं. मावशी काही बोलली नाही, पण तिने पिशवीतून कॅमेराही काढला नाही. तेव्हापासून पाहुण्यांना मी एप्रिल ते सप्टेंबरमध्ये नेतो. हवा गार असली की वाफही दाट, पांढरीशुभ्र दिसते. ज्यांना एकाच वेळी बरीच इंजिनं पेटलेली बघायची आहेत, त्यांनी न्यू साउथ वेल्समधल्या मेटलंडच्या स्टीमफेस्टवर लक्ष ठेवावं. तो एप्रिलच्या सुमारास भरतो. हंटर खोऱ्यातल्या त्या कोळसा भागात खासगी मालगाड्यांवर वाफेची इंजिनं १९८७ पर्यंत राबत होती.

चौथी पायरी: नंबर वाचायला शिका

इंजिनाच्या अंगावरच त्याची कुंडली लिहिलेली असते. राज्यागणिक लिपी वेगळी.

न्यू साउथ वेल्सच्या चार आकडी नंबरातले पहिले दोन आकडे वर्गाचे. ३८०१ म्हणजे ३८ वर्गातलं पहिलं, ६०२९ म्हणजे ६० वर्गातलं एकोणतिसावं. व्हिक्टोरियात वर्गाला अक्षर आणि पुढे नंबर, जसं आर ७०४. न्यूपोर्टला हे इंजिन उभं आहे, त्याच्यापाशी जरा थांबा. ग्लासगोच्या नॉर्थ ब्रिटिश कंपनीने बांधलेलं हे इंजिन ऑस्ट्रेलियाला पाठवण्याआधी १९५१ च्या फेस्टिव्हल ऑफ ब्रिटनमध्ये प्रदर्शनात ठेवलं होतं.

सगळ्यात हुशार पद्धत क्वीन्सलँडची. तिथलं वर्गाचं नाव म्हणजे चक्क मापच. ए म्हणजे एकमेकांना जोडलेल्या मोठ्या चाकांच्या दोन जोड्या, बी म्हणजे तीन, सी म्हणजे चार. पुढचा आकडा सिलिंडरचा, म्हणजे वाफ जिथं दट्ट्या ढकलते त्या नळकांड्याचा, व्यास, इंचात. तेव्हा सी १७ लिहिलेलं दिसलं की जवळ जाऊन मोजा: मोठ्या चाकांच्या चार जोड्या, सिलिंडर १७ इंची. मुलांना हा खेळ फार आवडतो. ए १० वर्गातलं ६ नंबरचं इंजिन १८६५ चं, म्हणजे क्वीन्सलँडची पहिली रेल्वे सुरू झाली त्या वर्षीचं. त्याच्या शेजारी एखादं बीबी १८¼ उभं केलं तर ९० वर्षांत काय बदललं ते न सांगता कळतं.

आणि एसी १६ दिसलं तर? त्यातला ए अमेरिकेचा. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने बांधलेली ही इंजिनं, आणि त्यांची सख्खी भावंडं आपल्याकडे मीटरगेजवर मॅकआर्थर नावाने धावली. भारतातली गोष्ट परमुलखात अशी अचानक भेटते तेव्हा बरं वाटतं.

यानंतर इंजिनाच्या अंगावरची कारखान्याची पितळी पाटी शोधा. कारखान्याचं नाव, अनुक्रम आणि वर्ष तिथं असतं. क्लाइड, न्यूपोर्ट, इव्हली, वॉकर्स, बेयर पीकॉक ही नावं पुन्हा पुन्हा दिसतील आणि मग ओळखीची होतील.

पाचवी पायरी: चाकं मोजा, वजनाचा विचार करा

चाकरचना पुढून मागे मोजतात: पुढची छोटी चाकं, मधली मोठी, मागची छोटी. दोन्ही बाजूंची मिळून. ३८०१ ला पुढे ४, मध्ये ६, मागे २. म्हणून ४-६-२. पुढची छोटी चाकं वळणावर वाट दाखवतात, मधली गाडी ओढतात, मागची अग्निपेटीचं, म्हणजे कोळसा जळतो त्या पेटीचं, वजन पेलतात. मागे छोटी चाकं असली की अग्निपेटी रुंद करता येते, आणि अग्निपेटी मोठी तितकी वाफ जास्त.

आता न्यूपोर्टला एच २२० समोर उभे राहा. सगळे त्याला 'हेवी हॅरी' म्हणतात. १९४१ साली शेजारच्याच न्यूपोर्ट वर्कशॉपमध्ये बांधलेलं, तीन सिलिंडरचं, टेंडर (मागचा कोळशा-पाण्याचा डबा) धरून सुमारे २६० टनांचं ४-८-४. बांधलं होतं मेलबर्नहून ॲडलेडकडे जाणाऱ्या रात्रीच्या गाडीसाठी. पण त्या वाटेवरचे पूल त्याचं वजन पेलणारे नव्हते आणि ते मजबूत करण्याचं काम राहूनच गेलं. मग हॅरीने आयुष्य काढलं मेलबर्न ते वोडोंगा मालगाड्या ओढण्यात. त्याच्यामागून आणखी दोन बांधायला घेतली होती, ती पुरी झालीच नाहीत. या वर्गातलं हे एकुलतं एक. १९५८ साली ते निवृत्त झालं आणि चाहत्यांनी धडपड करून वाचवलं. शेजारी उभं राहिलं की मोठं चाक डोक्यापर्यंत येतं, आणि ज्या कामासाठी जन्म झाला ते काम याला कधी मिळालंच नाही, हे आठवून मला दर वेळी गलबलून येतं.

त्याच्याशी तुलना करायला थर्लमीअरला ६०४० बघा. हे गॅरेट जातीचं इंजिन. मध्ये बॉयलर, आणि पुढे-मागे एकेक संपूर्ण चाकांचा संच, दोन्ही वळणावर स्वतंत्र वळणारे. मँचेस्टरच्या बेयर पीकॉकने ही ६० वर्गाची इंजिनं १९५२ पासून पाठवली. वजन हॅरीच्याच घरातलं, पण ते १६ आसांवर वाटलेलं, म्हणजे एकेका आसावर साधारण १६ टन. त्यामुळे एवढं अवाढव्य धूड हलक्या रुळांच्या फाट्यावरही जाऊ शकायचं. वजन तेवढंच असूनही एक अडकून पडलं आणि दुसरं हिंडलं, ते असं. १९७३ साली न्यू साउथ वेल्सच्या सरकारी रेल्वेतून सगळ्यात शेवटी जे वाफेचं इंजिन निवृत्त झालं तेही याच वर्गातलं.

जगातलं पहिलं गॅरेट १९०९ साली तास्मानियातल्या खाणींच्या छोट्या रेल्वेसाठी बांधलं गेलं. ते इंजिन आता ब्रिटनमध्ये आहे. आपल्या बंगाल-नागपूर रेल्वेवरही गॅरेट होती. नागपूरकडच्या वाचकांना आजी-आजोबांनी सांगितलेलं 'दोन तोंडांचं इंजिन' आठवत असेल तर ते हेच.

न्यूपोर्टला जे नाही, त्याचीही आठवण ठेवा. १९३७ च्या 'स्पिरिट ऑफ प्रोग्रेस' या निळ्या गाडीला ओढणारी निमुळत्या अंगाची एस वर्गाची चार इंजिनं होती. चारही भंगारात गेली. एकही उरलं नाही.

सहावी पायरी: केबिनमध्ये चढा

चढायची परवानगी असेल तिथंच चढा, दांडी दोन्ही हातांनी धरून, उतरताना तोंड इंजिनाकडे ठेवून. आत पहिल्यांदा काचेची उभी नळी शोधा. ती बॉयलरमधल्या पाण्याची पातळी दाखवते. अग्निपेटीच्या माथ्यावर पाणी राहिलं नाही तर लोखंड तापून मऊ पडतं आणि बॉयलर फुटू शकतो, म्हणून फायरमनची नजर सतत या नळीवर. नळी फुटली तर पाणी पुरतं आहे की नाही ते कळावं म्हणून सहसा अशा दोन असतात. मग वाफेचा दाब दाखवणारं घड्याळ, मग वाफ सिलिंडरकडे सोडणारा रेग्युलेटरचा लांब दांडा, आणि इंजिन पुढे-मागे नेण्याचं चाक किंवा लिव्हर.

शेवटी फावडं. एका केबिनमध्ये बाबांनी फावड्याच्या कडेवरून बोट फिरवून मला दाखवलं. एक कोपरा झिजून दुसऱ्यापेक्षा चांगला दोन बोटं आखूड झालेला. "एकाच बाजूने खरवडायचा गडी," ते म्हणाले. त्या फायरमनचं नाव पाटीवर कुठंच नव्हतं, पण तो कोळसा कसा ओढायचा ते आम्हाला कळलं.

सातवी पायरी: डबे वगळू नका

इंजिन बघून लोक निघून जातात. असं करू नका. माणसं डब्यांत राहिली.

पोर्ट ॲडलेडला 'टी अँड शुगर' गाडीचे डबे आहेत. १९१७ साली ट्रान्स-ऑस्ट्रेलियन रेल्वे पुरी झाली. ती नलारबोरच्या ओसाड माळरानातून जाते, आणि त्यात ४७८ किलोमीटरचा एक तुकडा असा की एकही वळण नाही. त्या वाटेवर रूळ सांभाळणाऱ्या गँगमनांच्या छोट्या वस्त्या होत्या. दुकान नाही, झाड नाही, प्यायचं पाणीसुद्धा गाडीनेच यायचं. या वस्त्यांचं सगळं बिऱ्हाड चालवणारी गाडी म्हणजे टी अँड शुगर. तिच्यात किराणा मालाचं दुकान होतं, खाटकाचा डबा होता, पगार वाटणारा डबा होता. गाडी थांबली की बायका पिशव्या घेऊन डब्यात चढायच्या. नाताळात सांताक्लॉजही याच गाडीने यायचा. १९९६ पर्यंत ती चालली. आपल्याकडे आठवडी बाजाराला लोक गावाहून जातात, इथं बाजारच लोकांपर्यंत जायचा. खाटकाच्या डब्यात उभं राहून मनात धरा: बाहेर चाळीस अंशांचं ऊन, आणि ही गाडी पुन्हा येईल ती आठवड्याने.

आठवी पायरी: एकदा तरी बसून जा

पहिल्यांदा बसायला पफिंग बिली. मेलबर्नच्या लोकलने बेलग्रेव्हला उतरा, तिथूनच सुटते. दाँडेनाँगच्या डोंगरातून जेमब्रुकपर्यंत जाणारा हा मार्ग १९०० साली सुरू झाला, १९५३ साली दरड कोसळून बंद पडला, आणि स्वयंसेवकांनी १९६२ पासून तो टप्प्याटप्प्याने परत उघडला. पार जेमब्रुकपर्यंत पोहोचायला १९९८ उजाडलं. रुळांची रुंदी ७६२ मिलिमीटर. एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी १८९७ साली सुरू केलेल्या बार्शी लाईटचीही हीच, आणि यवतमाळच्या शकुंतला गाडीचीही. बेलग्रेव्हच्या फलाटाच्या कडेशी उभं राहून बाबांनी रुळांकडे नुसतं बघितलं आणि म्हणाले, "हे आपलंच माप." टेप लावायची गरज पडली नाही.

डोळ्यांत कोळशाचे कण जातात, चष्मा किंवा गॉगल घाला. पांढरे कपडे नकोत. इंजिनाच्या लगेच मागच्या डब्यात आवाज उत्तम, मधल्या डब्यांतून वळणावर इंजिन दिसतं. तिकीट आधी काढा.

दुसरा प्रवास सिडनीच्या पश्चिमेला लिथगोजवळच्या झिग झॅग रेल्वेचा. ब्लू माउंटन्सचा उतार इतका खडा की गाडी एकदा पुढे, मग उलटी, मग पुन्हा पुढे अशी उतरवायची. १८६९ साली ही वाट झाली. खंडाळ्याला बोरघाटात आपल्याकडे १८६३ पासून गाडी अशीच उलटवत होते, ते रिव्हर्सिंग स्टेशन १९२९ ला बंद झालं. दोन्ही डोंगरांतली अडचण एक आणि सुचलेला उपायही एक. लिथगोची मूळ वाट १४३५ ची होती, पण आजच्या हेरिटेज रेल्वेने रूळ टाकले १०६७ चे, कारण त्यांची बरीच गाडी क्वीन्सलँडची. चौथी पायरी आठवत असेल तर तिथल्या इंजिनाचं नाव वाचून तुम्हीच कुणाला तरी हे समजावून सांगू शकाल. २०१२ मध्ये ही रेल्वे बंद झाली, पुढच्या वर्षी वणव्याने मोठं नुकसान केलं. २०२३ मध्ये गाडी परत सुरू झाली.

नववी पायरी: निळ्या डगल्यातल्या माणसाशी बोला

प्रत्येक संग्रहालयात तेलकट चिंधी हातात घेतलेला कुणीतरी पिकल्या केसांचा माणूस असतो. त्याला विचारायचा पहिला प्रश्न: "यातलं तुम्ही स्वतः कोणतं चालवलंय?" वाफेची इंजिनं सरकारी नोकरीत चालवलेली माणसं आता फार थोडी उरली आहेत. पाटीवर नसलेलं सगळं त्यांच्याकडे आहे. मुलाखत घ्यायला संकोच वाटला तर नुसतं ऐका, आणि घरी येऊन लिहून ठेवा.

आवड लागली तर स्वयंसेवक व्हा. इंजिनातलं ज्ञान कुणी विचारत नाही. तिकीट विकणं, डब्याचं लाकूड घासणं, रंगकाम, पितळ चकचकीत करणं, अशा कामांना माणसं हवीच असतात. ज्यांना पुढे जायचंय ते क्लीनरपासून सुरुवात करून फायरमन आणि वर्षांनी ड्रायव्हर होतात. संस्था आधी सुरक्षेची माहिती देते. मुलांशी संबंध येणार असेल तर वर्किंग विथ चिल्ड्रन चेक (मुलांसोबत काम करणाऱ्यांची पार्श्वभूमी तपासणी) लागू शकतो, तो ऑनलाइन अर्ज करून मिळतो.

बाबा दर वर्षी येतात तेव्हा काही शनिवार एका शेडमध्ये जुन्या डब्याच्या खिडक्यांचा रंग खरवडण्यात घालवतात. त्यांचं इंग्रजी मोडकं आहे, तिथं कुणाला त्याने फरक पडत नाही. त्यांची यादी तशीच देतो: जुने पूर्ण बाह्यांचे कपडे, पुढे लोखंडी टोपी असलेले बूट, टोपी, पाण्याची बाटली, आणि डब्यात चार पोळ्या जास्तीच्या, कारण दुपारी सगळे एकत्र बसतात आणि लसणाची चटणी तिथं आता सगळ्यांना लागते.